कॅटफिशची अंडी आणि पिल्लं: कोकणातल्या घरगुती पैदाशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात घरच्या काचेच्या टँकमधले कॅटफिश, म्हणजे मिशावाले मासे, अंडी घालतात का, असं आता फारसं कुणी विचारत नाही. पाऊस लागला की ती काचेवर दिसतातच. विचारणा येते ती त्यानंतरची. अंडी पांढरी पडली, पिल्लं तिसऱ्या दिवशी तळाला मेलेली दिसली, रात्री लाईट गेली आणि सकाळी काहीच उरलं नाही. म्हणून अंडी पडल्यापासून पुढच्या पंधरा-वीस दिवसांवर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे, बाकीचं गरजेपुरतं. पाणी आणि हवा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची धरली आहे.

पहिल्यांदाच पैदास करणार आहे. कोणता कॅटफिश घेऊ?

ब्राँझ कोरी, टँकच्या तळाशी वावरणारा छोटा कॅटफिश. शास्त्रीय नाव कोरिडोरस एनिअस. दुकानात अल्बिनो कोरी म्हणून पांढरट-गुलाबी, लाल डोळ्यांचा जो मासा मिळतो, तो बहुतेक वेळा याच जातीचा असतो. आपल्या हवेत तो तग धरतो, खाण्याचे नखरे करत नाही आणि अंडी भरपूर देतो. चांगल्या पोसलेल्या मादीकडून एका खेपेला शंभराच्या वर अंडी मिळतात.

पेपर्ड कोरीही सहज मिळतो. बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेल्या माशांवरून १८४२ मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, इतका तो जुना. पण त्याला थंडावा लागतो. आंबोलीत तो सुखाने राहील. देवगड-मालवणच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. पांडा कोरीचंही तेच. स्टर्बाय कोरी मात्र उष्मा बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे हात बसल्यावर पुढच्या हंगामात तो घ्यायला हरकत नाही.

शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये कोरिडोरस या मोठ्या गटाची फेरमांडणी केली. ब्राँझ कोरी आता ऑस्टिओगॅस्टरमध्ये गेला, पेपर्ड, पांडा आणि स्टर्बाय हॉप्लिसोमामध्ये. यादीत अशी नावं दिसली तर मासा वेगळा समजू नका. दुकानदार अजून कोरीच म्हणतात.

निदान सहा मासे घ्या. दोन माद्या आणि चार नर असा हिशेब जमला तर उत्तम. एका टँकमध्ये दोन जवळच्या जाती एकत्र ठेवू नका. त्यांचा संकर होऊ शकतो, आणि ती पिल्लं कोणत्या नावाने द्यायची हा प्रश्न उभा राहतो.

नर-मादी कशी ओळखायची?

वरून बघा, बाजूने नाही. मादी छातीपाशी रुंद आणि अंगाने मोठी दिसते, नर सडपातळ. मासे वर्षाचे व्हायला आले की फरक स्पष्ट होतो. अगदी लहान मासे घेतले असतील तर ओळखण्याच्या फंदात न पडता वाढू द्या.

हंगाम कोणता? मिरगाचा पाऊस आणि अंडी यांचा खरंच संबंध आहे का?

आहे. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर व्हाळा-पऱ्ह्यांतून शेतात चढणारे मासे कोकणात सगळ्यांनी पाहिले आहेत. सिंधुदुर्गात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगडाकडे वलगणीचे. त्यांत आपली शिंगटीही असते, आणि ती कॅटफिशच. पाणी एकदम थंड झालं, त्यातला क्षार कमी झाला, हवेचा दाब उतरला, की या माशांना पिल्लांसाठी खाणं येणार हे कळतं. कोरी दक्षिण अमेरिकेतले, पण त्यांच्या नद्यांनाही असाच पूर येतो आणि त्यांची खूणही हीच.

घरात हे करायचं ते असं. मे महिन्यात मोठ्या माशांना उत्तम खायला घाला: डासांच्या अळ्या, बारीक चिरलेलं गांडूळ, दुकानातले गोठवलेले ब्लडवर्म (चिलटासारख्या माशीच्या लाल अळ्या). या काळात पाणी थोडं कमी वेळा बदला आणि बाष्पीभवनाने पातळी चार-सहा बोटं उतरली तर उतरू द्या. घाण मात्र साचू द्यायची नाही, तळ साफ करतच राहायचं. मग पाऊस नीट लागला, दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं, की संध्याकाळी निम्मं पाणी काढा आणि तीन-चार अंशांनी थंड, मऊ (कमी क्षारांचं) पाणी घाला. एअर पंप थोडा जोरात सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बऱ्याच वेळा तिसऱ्या-चौथ्या सकाळी काचेवर अंडी असतात. नसली तर आठवडाभर थांबा, खाणं चालू ठेवा आणि पुढच्या मोठ्या पावसाला पुन्हा करा.

जूनमध्ये जमलं नाही म्हणून हिरमुसू नका. जुलै-ऑगस्टची झड त्याहून चांगली, कारण तापमान दिवसचे दिवस सारखं राहतं आणि ते पिल्लांना मानवतं. थंडीतही अंडी मिळतात. एप्रिल-मे मात्र सोडून द्या.

आमच्या विहिरीचं पाणी चालेल का? की पावसाचंच घ्यायचं?

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. देशावरच्या मंडळींना जे पाणी आरओ यंत्र लावून तयार करावं लागतं, ते आपल्याकडे रहाटावर येतं. कोकणात ही पैदास सोपी जाते ती मुख्यतः यामुळे. हातात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, असू द्या. शंभर-दीडशेच्या आत आकडा असेल तर दुसरं काही करायला नको.

पावसाचं पाणी वापरायचं तर सुरुवातीच्या सरी सोडून द्या, छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यांच्याबरोबर वाहून जाते. कौलांवरून आलेलं पाणी चालतं. नव्या रंगवलेल्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरचं नको, जस्त माशांना विषारी असतं. निव्वळ पावसाचं पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच सावरून धरणारं काही राहत नाही, आणि तो एका रात्रीत कोसळू शकतो. निम्मं विहिरीचं, निम्मं पावसाचं घ्या. विहिरीचंच पाणी फार मऊ असेल तर तिसऱ्यांची चार-पाच रिकामी शिंपलं उकळून, घासून फिल्टरच्या बाजूला ठेवा. ती सावकाश विरघळतात आणि पीएच धरून ठेवतात.

मासे एका रात्रीत मेले. विहिरीत काही पडलं असेल का?

पावसाळ्यात पहिली शंका टीसीएल पावडरची (ब्लीचिंग पावडरची) घ्या. साथ येऊ नये म्हणून ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरींत आणि नळपाण्याच्या टाकीत ती टाकते, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. अंडी आणि पिल्लं तर तग धरतच नाहीत. पावडर टाकण्याचा दिवस पाणीवाल्या शिपायाला विचारून ठेवा. टँकसाठीचं पाणी उघड्या पिंपात एअर पंप लावून चोवीस तास ठेवा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पिल्लं असतील त्या काळात मी दोन्ही करतो.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं दुखणं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. जिभेला चव लागली की ते पाणी कोरीसाठी बाद. तेवढ्या दिवसांकरता वरच्या वाडीतून दोन-चार कॅन आणा.

वाळू कोणती घालू? समुद्रावरची चालेल?

नको. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाणी जड होत जातं. खात्री करायची तर चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. फेस आला की ती बाजूला ठेवा. नदीची बारीक, गोलसर कणांची वाळू चांगली. धारदार खडीवर कोरीच्या मिशा झिजतात, आणि मिशा झिजलेला मासा अन्न शोधू शकत नाही.

अंडी घालताना नेमकं काय होतं? मला वाटलं ते भांडतायत.

मादीच्या मागे दोन-तीन नर धावत असतात, त्यामुळे तसं वाटतं. पहाटे उठून एकदा नीट बघाच. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी काटकोनात येऊन तोंड लावते, आणि दोघं काही क्षण थरथरत तशीच थांबतात. तेवढ्यात ती पोटाखालचे दोन पर जुळवून त्यांची ओंजळ करते आणि तीत दोन-चार अंडी सोडते. मग ती एकटीच काचेपाशी जाते, एखादी जागा तोंडाने चाचपून साफ करते, पोट टेकवते आणि अंडी चिकटवून परत फिरते. हे दोन-तीन तास चालतं.

ब्राँझ कोरीच्या बाबतीत १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. मादी नराचं वीर्य तोंडाने घेते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पुढे जाऊन परांत धरलेल्या अंड्यांपाशी बाहेर पडतं. म्हणूनच अनेक नर भोवती असूनही एका ओंजळीतली अंडी एकाच नराची राहतात.

हे चालू असताना लाईट लावणं, झाकण उघडणं, मोबाईल काचेला चिकटवणं टाळा.

अंडी तिथेच ठेवू की काढू?

काढा. आईबाप स्वतःच ती खातात, आणि टँकमध्ये गप्पी किंवा टेट्रा असतील तर संध्याकाळपर्यंत एकही उरत नाही. मात्र घालून झाल्यावर तासभर थांबा. ताजं अंडं मऊ असतं, हाताळलं की फुटतं. तासाभरात कवच घट्ट होतं. मग हात स्वच्छ धुऊन, साबणाचा अंशही न ठेवता, बोटाच्या पेराने अंडं काचेवर हळूच लोळवा. ते सुटून बोटाला चिकटतं. मोहरीच्या दाण्याएवढं असतं, पण दिसतं त्यापेक्षा टणक.

त्याच टँकचं पाणी एका प्लास्टिकच्या डब्यात घ्या, डबा त्याच टँकमध्ये तरंगता ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील, आणि आत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बारीक सोडा. अंडी डब्याच्या भिंतीवर एकमेकांपासून सुटी लावा. घोस तसाच ठेवला तर मधल्या एका अंड्याला बुरशी लागली की बाकीची घेऊन जाते. डबा उन्हात नको.

अंडी पांढरी पडतात. सगळी वाया गेली का?

सुरुवातीला अंडं दुधट-पारदर्शक असतं. दुसऱ्या दिवशी फलित अंडं मातकट, बदामी होत जातं, आणि उजेडापुढे धरलं तर आत गर्भाची रेघ आणि पुढे डोळ्यांचे ठिपके दिसतात. जे चुन्यासारखं पांढरं आणि अपारदर्शक झालं ते फलित नव्हतं. तेवढं ड्रॉपरने उचलून टाका. दिवसातून दोनदा हे काम केलं तर बुरशीचा निम्मा प्रश्न मिटतो.

उरलेल्या निम्म्यासाठी मिथिलीन ब्लू आहे, पाणी फिकट निळं दिसेल इतकंच. ते फक्त डब्यात घाला. मुख्य टँकमध्ये पडलं तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात. माझी पहिली पसंती मात्र बदामाच्या वाळलेल्या पानाला. प्रत्येक गावात देशी बदामाचं झाड असतं. झाडावरून आपोआप गळलेलं, तांबूस-तपकिरी पान धुऊन त्याचा तळहाताएवढा तुकडा डब्यात ठेवायचा. पाण्याला चहासारखा रंग येतो, बुरशीचा जोर कमी होतो, आणि पुढे पिल्लं त्याच पानाखाली दडतात, त्यावरचा सूक्ष्म थर चरतात. औषध फवारलेल्या बागेतलं पान घेऊ नका.

बहुतेक अंडी पांढरी होत असतील तर दोष बुरशीचा नाही. नर कमी आहेत, फार लहान आहेत, किंवा पाणी फार गरम आहे.

किती दिवसांत फुटतात? फुटल्यावर लगेच काय खायला घालू?

पंचवीस-सत्तावीस अंशांना तीन ते चार दिवस. झडीत पाणी थंड असेल तर पाच-सहा. पिल्लू पाच-सहा मिलिमीटरचं, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी. पहिले दोन-तीन दिवस ते तीवरच जगतं. त्या काळात काहीही घालू नका. पहिल्या दिवसापासून बारीक पूड टाकत राहणं हे पिल्लं दगावण्याचं फार मोठं कारण आहे, कारण ती पूड कुणी खात नाही, तळाला कुजते.

पिशवी जिरली की जिवंत खाणं हवंच. दोन प्रकार पुरेसे आहेत.

पहिला मायक्रोवर्म, म्हणजे लापशीत वाढणारे सूक्ष्म किडे. ओट्स किंवा नाचणीच्या पिठाची घट्ट लापशी करून गार झाल्यावर डब्यात पसरा, चिमूटभर यीस्ट घाला आणि कुणाकडून तरी आणलेलं मायक्रोवर्मचं चमचाभर विरजण (दह्याचं नव्हे, किडे असलेली जुनी लापशी) सोडा. झाकणाला बारीक भोकं पाडा. काही दिवसांत किडे भिंतीवर चढू लागतात, ते बोटाने पुसून घ्यायचे. ते पाण्यात बुडतात आणि बरेच तास जिवंत राहतात, त्यामुळे तळाला खाणाऱ्या कोरीच्या पिल्लांना अगदी सोयीचे. दोन डबे ठेवा, एक आंबला तर दुसरा असतो.

दुसरा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची सुकी अंडी, जोरात हवा आणि उजेड; सव्वीस-अठ्ठावीस अंशांना साधारण चोवीस तासांत फुटतात. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ मिळालं तर उत्तम. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात समुद्राचंच स्वच्छ पाणी गाळून वापरावं, छान चालतं. पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळचं पाणी गढूळ आणि गोडसर होतं, तेव्हा मीठच बरं. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने काढा, मलमलच्या कपड्यात गोड्या पाण्याने धुवा आणि मगच घाला. टरफलं डब्यात जाऊ देऊ नका.

पोट भरलं का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी दिसतं. अर्ध्या तासाने भिंग घेऊन बघा. ज्यांची पोटं पारदर्शक आणि खपाटीला गेलेली आहेत, त्यांच्यापर्यंत खाणं पोचलेलं नाही. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं घाला.

पहिल्या आठवड्यातच पिल्लं मरतात. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि उत्तर जवळजवळ नेहमी तळाशी असतं. डब्याच्या तळावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागला तर तिथे जीवाणूंचा थर आहे आणि पिल्लं त्याच्यावर पोट टेकून दिवसभर पडून असतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस फसतो.

एअर पंपाची पातळ नळी घ्या, तिच्या टोकाला दोन वीत काडी बांधा म्हणजे ती हवी तिथे नेता येईल. दुसरं टोक पांढऱ्या टपात सोडा. सकाळ-संध्याकाळ खाणं घालून तासाभराने तळावरचा गाळ ओढा. एखादं पिल्लू ओढलं जाणारच. पांढऱ्या टपात ते लगेच दिसतं, ड्रॉपरने परत सोडा. मग तळ आणि भिंती स्वच्छ स्पंजच्या तुकड्याने हलक्या हाताने पुसा. काढलं तितकंच पाणी भरा, मुख्य टँकमधलं किंवा त्याच तापमानाचं, पिंपात आधीच ठेवून क्लोरीन घालवलेलं, आणि नळीतून थेंबाथेंबाने. पिल्लांना थंड पाण्याचा धक्का द्यायचा नाही. तो उपाय मोठ्यांना अंड्यावर आणण्यापुरता.

डब्यात दोन-तीन लहान गोगलगाई सोडल्या तर उरलेलं खाणं त्या संपवतात. दाटीही बघा. शंभर पिल्लं एका डब्यात वाढत नाहीत. आठवड्याने त्यांना दोन-तीन भांड्यांत विभागा किंवा मुरलेला स्पंज फिल्टर असलेल्या छोट्या टँकमध्ये हलवा. मुरलेला म्हणजे मोठ्या माशांच्या टँकमध्ये निदान महिनाभर चाललेला. नवा कोरा स्पंज अमोनिया खात नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू सेंटीमीटरभर होतं आणि अंगावर आईबापांची ठेवण दिसू लागते. इथवर आलेलं पिल्लू सहसा जगतं. मग चुरलेली गोळी, बारीक चिरलेले ब्लडवर्म, सगळं चालतं. गटारातले लाल किडे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत, ते रोग घेऊन येतात.

ब्रिसलनोजची पैदास कोरीपेक्षा सोपी म्हणतात. खरं का?

ब्रिसलनोज हा तोंडाने काचेला चिकटणारा छोटा कॅटफिश. सांभाळायला सोपी, कारण तिथे बाप राखण करतो. नराच्या डोक्यावर फांद्या फुटल्यासारख्या मिशा असतात, मादीला नसतात किंवा ओठाच्या कडेला बारीकशा. नराला अंगाला घट्ट बसेल अशी गुहा हवी, साधारण दीड इंच व्यासाची, वीतभर लांब, एक टोक बंद. बांबू वापरायचा विचार असेल तर आपला माणगा कामाचा नाही, तो भरीव असतो. कुंभाराकडून मातीची नळी करून घ्या किंवा पीव्हीसी पाईपचा तुकडा टोपण लावून ठेवा. करवंटीला दार पाडून पालथी घातली तरी काही नर ती पसंत करतात.

नारिंगी, टपोऱ्या अंड्यांचा घोस गुहेत पडला की नर परांनी वारा घालत बसतो. चार-सहा दिवसांत अंडी फुटतात, पिवळं पोट जिरायला आणखी आठवडाभर. या सगळ्या काळात टॉर्च मारून सारखं बघू नका. नवखा नर पहिल्या खेपेला अंडी बाहेर ढकलतो. पुढच्या खेपेला बहुधा सांभाळतो. ढकललेली अंडी जाळीच्या डब्यात, हवेच्या प्रवाहाजवळ ठेवली तर वाचू शकतात.

पिल्लांना वाफवलेली काकडी, दुधी, पालक, तांबडा भोपळा आणि टँकमध्ये लाकडाचा ओंडका. भाजी संध्याकाळी घाला, सकाळी उरलेली काढा. ती पाण्यात राहिली तर पाणी नासतं आणि पिल्लं सगळ्यात आधी बळी पडतात.

दुकानात मिळणारा सकर घरी अंडी घालेल का? मोठा झाला तर विहिरीत सोडू का?

घरी घालणार नाही. सकर म्हणजे काच चाटणारा, अंगावर कवच असलेला परदेशी कॅटफिश. तो फूट-दीड फूट वाढतो आणि मातीच्या काठात बीळ करून त्यात अंडी घालतो.

विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. केरळ, आंध्र, बंगालच्या पाणथळींत तो पसरला आहे, आपल्या उजनी जलाशयातही सापडला आहे. त्याच्या बिळांनी काठ ढासळतात, काटेरी अंगाने जाळी फाटतात, आणि अंगावर कवच असल्याने खाणारं कुणी नाही. विहिरी पावसात भरून वाहतात, त्यामुळे विहिरीतला मासा व्हाळात जायला वेळ लागत नाही. आपल्या नद्या लहान. सह्याद्रीत उगम पावून थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात. तिथली शिंगटी आणि बाकीचे गोड्या पाण्यातले मासे एकदा गेले तर पुन्हा आणता येणार नाहीत. नको झालेला सकर दुकानदाराला परत द्या. थाई मागूर हा परदेशी मांसाहारी कॅटफिश तर घ्यायचाच नाही, त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे.

ग्लास कॅटफिश, शार्क, सिनोडोंटिस यांचं काय?

घरगुती पैदाशीत ते धरू नका. शार्क म्हणून विकला जाणारा पंगस मीटरभर वाढतो आणि हॅचरीत संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्याची अंडी घेतात. टांगानिका सरोवरातला एक सिनोडोंटिस आपली अंडी तोंडात पिल्लं वाढवणाऱ्या सिक्लिड माशाच्या अंड्यांत मिसळून देतो, तो वाचण्यासारखा विषय आहे, पण सुरुवातीचा नव्हे.

तोंडात अंडी धरण्यावरून सांगतो, आपल्या समुद्रातला शिंगाळा हे जातिवंत उदाहरण आहे. त्याच्या गटात नर गोटीएवढी मोठी अंडी तोंडात धरून हिंडतो आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतो. बंदरावर शिंगाळ्याच्या तोंडातून पिवळे गोळे सांडलेले दिसले तर ती त्याची पुढची पिढी आहे.

लाईट गेली तर?

पावसाळ्यात ती जाणारच, हे धरूनच मांडणी करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. चार्जिंगवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. तो पिल्लांच्या डब्याला लावा. मोठे कोरी वर येऊन हवा गिळतात आणि आतड्यातून श्वास घेतात, ते जास्त वेळ निभावतात. पंप नसेल तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी काढून वरून ओता. लाईट नाही तोवर खाणं बंद. खूप तास बंद राहिलेला स्पंज तसाच चालू करू नका; आतलं पाणी कुजतं. आधी टँकच्याच पाण्यात पिळून घ्या.

औषध घालावं का?

शक्यतो नाही. कॅटफिशना तांबं असलेली औषधं आणि मीठ फार सोसत नाही. द्यावंच लागलं तर बाटलीवरच्या निम्म्या प्रमाणापासून सुरू करा, आणि पिल्लांच्या डब्यात अजिबात नको. तिथे पाणी बदलणं हाच उपचार.

पिल्लं विकायची कधी आणि पाठवायची कशी?

दोन-अडीच महिन्यांनी, इंचाच्या आसपास झाल्यावर. त्याआधी दिलेली पिल्लं दुकानाच्या टँकमध्ये टिकत नाहीत आणि पुन्हा कुणी तुमच्याकडून घेत नाही. कणकवली, कुडाळ, चिपळूणच्या दुकानांशी अंडी पडायच्या आधीच बोलून ठेवा.

या व्यवसायाचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र इथे चौकशी करा. खाडीकाठच्या गावांतल्या बचत गटांना कांदळवन प्रतिष्ठानकडूनही शोभिवंत माशांसाठी मदत मिळालेली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या छोट्या युनिटचा खर्च तीन लाख रुपये धरला होता, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. अर्ज करण्याआधी आजचे निकष जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. कोरीच्या पाठीचा आणि बाजूच्या परांचा पहिला काटा ताठ उभा राहतो आणि पिशवी भोसकतो, म्हणून पिशवीत पिशवी घाला आणि कोपरे रबराने बांधून गोल करा. घाबरलेला कोरी अंगातून विष सोडतो. दाटीत त्याने बरोबरचे मासेही मरतात. जाळीत पकडल्यावर त्यांना आधी बादलीत पाऊण तास शांत ठेवा, ते पाणी टाकून द्या, आणि मग ताज्या पाण्यात पॅक करा. मोठे नर-मादी एकेका पिशवीत एकेकटेच. घेणाऱ्याला सांगून ठेवा, पिशवीतलं पाणी फेसाळलेलं दिसलं तर तापमान जुळवत बसू नका, मासे लगेच स्वच्छ पाण्यात काढा.